व्हर्ना रुडेकने सही केली नाही

ऑर्व्हिल स्टेन्सलँड शेरीफ म्हणून निवडून आला, तेव्हा हॅस्किन काउंटीला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. नवा शेरीफ बिनलग्नाचा होता.

इतर कुठे याने काही बिघडलं नसतं. पण आर्लो गावातला तुरुंग म्हणजे शेरीफच्या घराचाच मागचा भाग. पुढे दिवाणखाना, मागे कोठड्या, मधे एक लोखंडी दार आणि स्वयंपाकघर दोन्हींचं मिळून एकच. आधीच्या शेरीफची बायको अठरा वर्षं कैद्यांना रांधून वाढत होती, त्यांची पांघरुणं धूत होती, आणि याला नोकरी म्हणतात हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नवरा हरला तशी तिने आपल्या कढया उचलल्या आणि ती बहिणीकडे राहायला गेली.

स्टेन्सलँडने तीन आठवडे स्वतः स्वयंपाक केला. सकाळी घेवड्याच्या बिया, दुपारी घेवड्याच्या बिया, रविवारी घेवड्याच्या बियांत सॉसेज. चौथ्या सोमवारी खोटे चेक देऊन आत आलेल्या एका म्हाताऱ्या भामट्याने न्यायाधीशापुढे हात जोडले. म्हणाला, "महाराज, मला राज्याच्या मोठ्या तुरुंगात पाठवा. पाच वर्षं द्या, पण तिथं पाठवा." न्यायाधीश हसला, सरकारी वकील हसला, आणि त्याच गुरुवारी गावच्या साप्ताहिकात स्वयंपाकीण हवी अशी जाहिरात आली.

व्हर्ना रुडेक चोवीस वर्षांची होती. शाळेच्या भटारखान्यात काम करायची. नवरा लेनी चीजच्या कारखान्यात, पदरात दीड वर्षाची मुलगी. तुरुंगाची वेळ तिला सोयीची वाटली, म्हणून ती ॲप्रनवरच मुलाखतीला गेली.

"कैद्यांची भीती वाटते का?" स्टेन्सलँडने विचारलं.

"शाळेत चारशे पोरं आहेत," व्हर्ना म्हणाली. "इथं अकरा, आणि तीही कुलपात."

स्टेन्सलँडने दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

व्हर्नाच्या हाताला चव होती. कांदा घालून भाजलेला खिमा, कुस्करलेले बटाटे, शुक्रवारी तळलेला मासा. महिनाभरात शेरीफच्या हाताखालचे डेप्युटीही जेवायच्या वेळेला नेमके कुठल्या ना कुठल्या कामाने तुरुंगात येऊ लागले. पण तिची खरी गोष्ट सुरू झाली ती रांधण्यातून नाही. कायदा असा होता, की बाईमाणसाला पकडून आणलं तर तिची झडती बाईनेच घ्यायची आणि तिच्यापाशी बाईनेच थांबायचं. इमारतीत बाई एकच. एके दिवशी स्टेन्सलँड घाईघाईने स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "उजवा हात वर कर." व्हर्नाने कणकेने माखलेला हात वर केला, त्याने म्हटलेले शपथेचे शब्द मागोमाग म्हटले, आणि ती स्वयंपाकीण होती तशीच राहून तुरुंगातली मेट्रनही झाली.

पुढची दोन वर्षं कधी दारू पिऊन दंगा करणारी, कधी दुकानातून बूट उचलणारी अशा बायका येत-जात राहिल्या. मग आली आयडेला प्रू. गावापासून बारा मैलांवरच्या शेतावरली, पन्नाशीची, हाडकुळी बाई. नवऱ्यावर बंदूक झाडली म्हणून आणलेली. गोळी नवऱ्याला न लागता दुधाच्या टाकीला लागली होती. नवरा सांगत होता, बायकोचं डोकं फिरलंय. बायको काहीच सांगत नव्हती. दोन दिवस दोन डेप्युटी तिच्यासमोर बसून उठले. बाई भिंतीकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी व्हर्ना बटाट्यांची टोपली आणि दोन बोथट सुऱ्या घेऊन कोठडीत गेली आणि सोलायला बसली. काही विचारलं नाही. थोड्या वेळाने आयडेलाने दुसरी सुरी उचलली. शेतावरची बाई, समोर काम दिसत असताना रिकामी कशी बसणार. व्हर्ना बघत होती. आयडेला बटाटा मांडीत धरून एका हाताने सोलत होती. डावा हात कोपराच्या वर उचलतच नव्हती.

"हात कधीपासून असा आहे?" व्हर्नाने विचारलं.

आयडेलाने तीन बटाटे सोलले, मग म्हणाली, "मका काढून झाला तेव्हापासून."

मका काढून दोन महिने झाले होते. डॉक्टर आले. गळ्याचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, बरगड्यांवर जुन्या-नव्या खुणा. त्यानंतर नवऱ्याची हकिगत दर खेपेला बदलत गेली, आणि शेवटी कोर्टात तोच आरोपीच्या बाकावर बसला.

"तू पोलिसाचं काम केलंस, कळतंय का तुला?" स्टेन्सलँड म्हणाला.

"मी बटाटे सोलत होते."

"तेच म्हणतोय. डेप्युटीच्या परीक्षेला बस."

ती हसण्यावारी नेत राहिली. पण स्टेन्सलँडने फॉर्म आणून फ्रिजवर चुंबकाने लावला आणि रोज येता-जाता त्यावर बोटाने टकटक करायचा. लेनीला घरी सांगितलं तर त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बंदूक मिळेल का?"

"मिळेल."

"मग तुझ्याशी भांडायची माझी पद्धत बदलावी लागेल," लेनी म्हणाला, आणि हेच त्याचं होकाराचं उत्तर होतं.

अठ्ठाविसाव्या वर्षी व्हर्ना वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर धावली, भिंतीवरून उड्या मारल्या, चिखलात पडली. दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात ती नेमबाजीत शेवटून दुसरी आणि कायद्याच्या पेपरात पहिली आली. काउंटीतली पहिली बाई डेप्युटी म्हणून तिला गणवेश मिळाला तो पुरुषाचा. पँट कमरेत ढगळ, मांडीत घट्ट, आणि शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत.

तिला शिकवायचं काम सार्जंट रोली ब्रेकेकडे आलं. रोली म्हणजे सहा फूट दोन इंच, मोठ्या आवाजाचा, थट्टेखोर गडी. सगळ्यांना वाटलं, हा बाईला आठवड्यात रडवून घरी पाठवणार. पहिल्या दिवशी रोलीने तिला गाडीत बसवलं आणि गाडी थेट स्वतःच्या घरी नेली.

"मार्लिस, टेप आण," त्याने बायकोला हाक मारली. "हिचं माप घे. या पँटमध्ये ही चोरामागे पळाली तर चोर हसून पडेल, तेवढाच फायदा."

मार्लिसने त्या दिवशी दोन पँट आणि तीन शर्ट उसवून पुन्हा शिवले. त्या शिवणीतून दोन्ही घरांचं मेतकूट जमलं. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर लेनी आणि रोली भोकं पाडून मासे धरायचे, बायका मोटारीत हीटर लावून गप्पा मारायच्या. मार्लिस व्हर्नाच्या मुलीची धर्ममाता झाली.

आणि रोलीने शिकवलं ते मनापासून. दार ठोठावल्यावर दारासमोर उभं राहू नकोस, बाजूला हो. माणूस काय बोलतो त्याच्याआधी त्याचे पाय कुठं वळलेत ते बघ. घरात शिरलीस की आधी लहान मुलं शोध, मग बाटली शोध. आणि तो पुन्हा पुन्हा सांगायचा, "कुलूप आपण लावलं ना, मग आतला माणूस आपला. तो चोर असो, नालायक असो. त्याला तहान लागली तर पाणी द्यायला दुसरं कोणी येणार नाही."

पुढची पंधरा वर्षं व्हर्नाने हे सगळं वापरलं. तिने रस्त्यात बाळंतपण केलं, बुडालेली पोरं काढली, शेजाऱ्यांची कुंपणाची भांडणं मिटवली. ती सार्जंट झाली. तोवर नवा तुरुंग बांधला गेला होता, रोली त्याचा कॅप्टन झाला होता आणि व्हर्ना त्याच्या हाताखाली दिवसपाळी सांभाळत होती.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत पॅकर्स हा राज्याचा लाडका फुटबॉल संघ कितीतरी वर्षांनी अंतिम सामन्यात पोचला. त्या रविवारी विस्कॉन्सिनमध्ये चर्चची प्रार्थनासुद्धा आटोपती झाली. रोली मनाने दिलदार. त्याने संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पाळीतल्या दोघांनाही सुट्टी दिली. म्हणाला, "जा, पोराबाळांबरोबर सामना बघा. दहा-अकरा कैदी तर आहेत, मी एकटा बघतो."

त्याच दुपारी महामार्गावर नागमोडी जाणारा एक ट्रक अडवला गेला होता. चालक कर्टिस नीली, एक्केचाळीस वर्षांचा, मिसूरीचा. जीभ जड, पाय लटपटते. दारूची तपासणी केली तर शून्य. गोळ्या घेतल्या असतील, असं म्हणून त्याला झोपून नशा उतरू द्यायला कोठडीत टाकलं. तो पाणी मागत होता.

सोमवारी सकाळी व्हर्ना सहाच्या ठोक्याला कामावर आली. गाव विजयाच्या आनंदात रात्रभर हॉर्न वाजवून नुकतं झोपलं होतं. रोली टेबलाशी डोळे चोळत बसला होता. तिने कोट काढला आणि सवयीप्रमाणे आधी फेरी मारायला गेली. सहाव्या कोठडीत नीली जमिनीवर कुशीवर पडला होता. श्वास खोल, भात्यासारखा चालला होता आणि त्याला पिकून सडलेल्या फळासारखा गोड वास येत होता. हाक मारली, हलवलं, उत्तर नाही. नळाचं बटण दाबून बघितलं तर नळ कोरडा. थंडीने पाइप गोठला होता.

रुग्णवाहिका आठ मिनिटांत आली. मधुमेह होता. साखर इतकी चढली होती, की इस्पितळातल्या यंत्राला तिचा आकडा दाखवता येईना.

नऊ वाजता रोली कागद घेऊन व्हर्नाच्या खोलीत आला आणि त्याने दार लावून घेतलं. दर अर्ध्या तासाने कैदी पाहिल्याची खूण करायचा तो कागद होता. संध्याकाळी पाचपासून सकाळी सहापर्यंत सव्वीस चौकोन. सव्वीसही भरलेले, एकाच पेनाने, एकाच घाईने. खाली एक ओळ मोकळी होती: सहा वाजता पाळी घेतली, सर्व कैदी ठीक.

"इथं सही कर," रोली म्हणाला.

व्हर्नाने कागद बघितला. "तू फेऱ्या मारल्यास?"

"पहिल्या दोन मारल्या. मग सामना सुरू झाला. मग संपला, आणि मी जरा टेकलो." त्याचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "व्हर्ना, सत्तावीस वर्षं झाली. दोन वर्षांत निवृत्त होतोय."

"तो सहा वाजता ठीक नव्हता, रोली."

"सहा वाजता ठीक होता असं तू म्हणालीस तर तो दहा मिनिटांत कोसळला असं होईल. त्यात कुणाचा दोष नाही. तुझाही नाही."

"तो किती तास पाणी मागत असेल?"

रोलीने कागद तिच्याकडे आणखी सरकवला.

"मी सही करणार नाही," व्हर्ना म्हणाली. तिने कागद त्याच्याकडे परत सरकवला. "आणि मला विचारलं तर मी बघितलं तेच सांगणार. तू स्वतः जाऊन आधी सांग. मी दुपारपर्यंत थांबते."

"एवढंच?" रोली म्हणाला. "पंधरा वर्षांनंतर, एवढंच?"

ती दुपारपर्यंत थांबली. रोली शेरीफकडे गेला नाही. साडेबारा वाजता ती स्वतः गेली.

राज्याचे तपासनीस आले. तिने त्यांना सगळं सांगितलं, आपल्या बाजूने काही वाढवलं नाही, रोलीच्या बाजूचं काही लपवलं नाही. तो कैद्यांशी कसा चांगला वागायचा तेही सांगितलं. चौकशी संपायच्या आत रोलीने राजीनामा दिला. कर्टिस नीली नऊ दिवसांनी शुद्धीवर आला, पण त्याचं बोलणं कायमचं अडखळत राहिलं आणि ट्रक काही त्याला पुन्हा चालवता आला नाही. बहीण त्याला घरी घेऊन गेली.

आणि मग हॅस्किन काउंटीने व्हर्नाशी बोलणं बंद केलं.

कुणी काही केलं नाही, हेच तर होतं. ती कॉफीच्या खोलीत गेली की बोलणं थांबायचं आणि कप धुवायला सगळ्यांना एकदम घाई व्हायची. ज्याच्या हाताखाली शिकली त्याचाच गळा कापला, असं तिच्या कानावर पडेल इतक्या हळू म्हटलं जायचं. किराणा दुकानात मार्लिस समोरून आली. दोघींच्या गाड्या समोरासमोर थांबल्या. मार्लिसने तिच्याकडे बघितलं, सामानाची गाडी वळवली आणि दुसऱ्या रांगेत गेली. व्हर्ना त्या दिवशी काही न घेता घरी आली.

एकदा ऑफिसात तिने आपल्या कपाटाचा खण उघडला तर आत उंदराचा सापळा, त्याला चीजचा तुकडा लावलेला; घरभेद्याला तिथं उंदीर म्हणतात. मागे पाच-सहा जण बूट बांधण्यात गर्क होते. व्हर्नाने तुकडा काढला, नाकाशी नेला. "लेनीच्या कारखान्यातलं नाही," ती म्हणाली आणि केराच्या डब्यात टाकला. पण घरी येऊन ती अंघोळीच्या खोलीत अर्धा तास नळ सोडून बसली.

"सोड ती नोकरी," लेनी बाहेरून म्हणाला. "कारखान्यात हिशेबनीस हवी आहे."

"सोडली तर म्हणतील, खोटं बोलली म्हणून तोंड लपवून गेली."

"म्हणू दे."

"नाही," ती आतूनच म्हणाली. "मी गेले तर तो कागद पुन्हा तसाच भरायला लागतील."

तिला तुरुंगातून काढून कोर्टाचे कागद घरोघर पोचवायच्या कामावर टाकलं. बढतीच्या वेळी दोनदा तिला डावललं. घटस्फोटाच्या नोटिसा, घर रिकामं करायचे हुकूम, साक्षीची बोलावणी. जिथं तिथं वाईट बातमी घेऊन जाणारी बाई. पण व्हर्ना पायरीवर कागद टाकून पळायची नाही. कागदात काय लिहिलंय ते साध्या शब्दांत सांगायची, कुठल्या तारखेला कुठल्या खोलीत जायचं ते पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायची. सहा-सात वर्षांत काउंटीतलं असं घर उरलं नाही जिथलं कुत्रं तिला ओळखत नव्हतं.

त्याच काळात तिने आणखी एक केलं. कैदी आत घेताना विचारायचे सहा प्रश्न तिने एका जाड कार्डावर लिहिले. औषध कोणतं घेता, शेवटचं कधी घेतलं, पाणी किती पिता, असे. खाली लिहिलं: दारूची तपासणी शून्य आली तर डॉक्टरला फोन. परवानगी कुणाला विचारली नाही. कैदी नोंदवायच्या टेबलावर चिकटपट्टीने लावून टाकलं. कुणीतरी फाडलं. तिने दुसरं लावलं. पाच वेळा फाडलं गेलं, सहावं राहिलं.

नीलीच्या घटनेनंतर चार वर्षांनी, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, डेनी क्राउसे नावाचा जाडजूड तुरुंगरक्षक वाहनतळावर तिच्या गाडीपाशी येऊन उभा राहिला.

"काल एक बाई आणली होती," तो म्हणाला. "पिऊन पडली असं वाटत होतं. मी ते कार्ड वाचलं. म्हणजे, सहज वाचलं. डॉक्टरला फोन केला. मेंदूत रक्त साकळलं होतं तिच्या."

"मग?"

"वाचली. सकाळी मला नावाने हाक मारली." डेनी बुटाने खडी उकरत राहिला. "तो सापळा मी ठेवला होता."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"इतकं पिवळं चीज घेणारा ऑफिसात तू एकटाच आहेस."

डेनी हसला, आणि मग त्याचे डोळे भरून आले, म्हणून तो झटकन निघून गेला. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या खोलीत तो कप घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. आठवड्याने आणखी दोघे बसले.

दोन हजार सहा साली क्लेटन व्हिटकोम शेरीफ झाला. बाहेरून आलेला माणूस, कमी बोलणारा. त्याने सगळ्या जुन्या फायली घरी नेऊन वाचल्या आणि महिन्याभराने व्हर्नाला बोलावलं.

"मला मुख्य डेप्युटी हवाय," तो म्हणाला. "माझ्यानंतरचा हुकूम त्याचा. तुम्हाला विचारतोय."

"माझ्यापेक्षा शिकलेले आहेत."

"आहेत. त्यांच्या फायलीही वाचल्या."

नेमणुकीला काउंटी मंडळाच्या पाच जणांच्या समितीची मंजुरी लागायची. साप्ताहिकाने तिन्ही इच्छुकांची माहिती शेजारी शेजारी छापली. पहिल्याकडे विद्यापीठाची पदवी आणि राजधानीतलं वरिष्ठांचं प्रशिक्षण. दुसरा सैन्यात कॅप्टन, मग मोठ्या शहरात लेफ्टनंट. तिसरी व्हर्ना: तुरुंगातली स्वयंपाकीण, मेट्रन, डेप्युटी, सार्जंट, कागद पोचवणारी. लेनीने तो अंक जेवणाच्या टेबलावर पसरला आणि म्हणाला, "यांच्यातल्या एकालाही धड रस्सा करता येत नसणार."

मंगळवारी दुपारी दोन वाजता सभा भरली. समितीचा अध्यक्ष नॉर्बर्ट झास्ट्रो, ट्रॅक्टर विकणारा, चष्मा नाकावर घेऊन कागद वाचत होता. "सौ. रुडेक, स्वयंपाकघरातून या खुर्चीपर्यंत. जरा लांबची उडी नाही का?"

"उडी नाही," व्हर्ना म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं चालत आले."

हशा झाला. पण समितीतला दुसरा एक जण पुढे झुकला. हेच विचारायला तो आला होता. "सत्त्याण्णव साली तुम्ही आपल्याच वरिष्ठाविरुद्ध बोललात. आज जे तुमच्या हाताखाली येतील त्यांनी तुमच्यावर भरवसा का ठेवावा?"

व्हर्नाने उत्तर तयार केलं होतं. ते द्यायला ती पुढे सरकली.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. रोली ब्रेके उभा राहिला. तो आता शाळेची बस चालवायचा. केस पांढरे झाले होते, अंगात बसचालकाचं जाकीट. तो सभेला आलाय हे तिला ठाऊकच नव्हतं.

"याचं उत्तर मी देतो," तो म्हणाला. आवाज तोच होता, मोठा. "मी तिला खोटी सही मागितली. मागायचा मला अधिकार नव्हता. तिने नाही म्हटलं. पुन्हा वर मला अर्धा दिवस दिला, की स्वतः जाऊन सांग. तेही मी केलं नाही. नऊ वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. ती चुकली म्हणून नव्हे. ती समोर आली की मला तो माणूस दिसायचा, म्हणून." तो समितीकडे वळला. "तुम्हाला किल्ल्या कुणाच्या हातात द्यायच्या ते ठरवायचंय. माझ्या हातात होत्या, तेव्हा मी टीव्ही बघत होतो. एवढंच सांगायचं होतं."

तो बसला नाही. टोपी घालून दाराबाहेर गेला.

चारास एक मतांनी व्हर्नाची नेमणूक झाली. लोक हात मिळवत असतानाच ती बाहेर पळाली. रोली बसमध्ये चढत होता.

"रोली."

"आभार मानू नकोस," तो म्हणाला. "मला पोरांना घ्यायला जायचंय. तीनची घंटा होईल."

"कॉफीला ये एखाद दिवशी."

त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. "आज नाही, व्हर्ना," तो म्हणाला, आणि दार बंद केलं.

मुख्य डेप्युटी म्हणून शपथ घेऊन ती न्यायालयाच्या पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात बिनतारी यंत्रावर बोलावणं आलं. महामार्गावर बावीस गाई सुटल्या होत्या आणि जवळ दुसरी गाडी नव्हती. कडक इस्त्रीचा नवा गणवेश, छातीवर चकचकीत बिल्ला, आणि बाई हातात झाडाची फांदी घेऊन गुडघाभर शेणाचिखलात गाई वळवतेय. एका ट्रकवाल्याने खिडकी खाली करून विचारलं, "बाई, तुमचे साहेब कुठायत?" व्हर्ना म्हणाली, "साहेबच गाई हाकताहेत. पुढे चला."

तिने आठ वर्षं ते पद सांभाळलं. फेऱ्यांच्या कागदाऐवजी प्रत्येक कोठडीच्या दारावर यंत्र बसवलं, जिथं प्रत्यक्ष जाऊन किल्ली टेकवल्याशिवाय वेळ नोंदली जात नसे. सहा प्रश्नांचं कार्ड शेजारच्या चार काउंट्यांनी उचललं. नव्या डेप्युटींना ती पहिल्या आठवड्यात तुरुंगात जेवण वाढायला लावायची. कुरकुर करणाऱ्याला म्हणायची, "ताट हातात देताना माणसाचा चेहरा बघावाच लागतो. तेवढं शीक, मग बंदूक देते." त्या आठ वर्षांत हॅस्किन काउंटीच्या तुरुंगात एकही माणूस दगावला नाही. ही गोष्ट तिने स्वतः कधी सांगितली नाही. डेनी क्राउसे सांगायचा, विचारलं नाही तरी.

नेमणुकीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी व्हर्ना आणि लेनी तळलेले मासे खायला नेहमीच्या हॉटेलात गेले होते. खच्चून गर्दी. वाढणारी बाई येऊन म्हणाली, "तुमच्या टेबलावर आणखी दोघांना बसवलं तर चालेल का? नाहीतर त्यांना तासभर थांबावं लागेल."

व्हर्नाने मान वर केली. दारापाशी रोली आणि मार्लिस कोटावरचा बर्फ झटकत उभे होते. बाईने त्यांना कुठे बसवतेय ते सांगितलं असावं, कारण मार्लिस नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा जमिनीकडे.

"बसवा," लेनी म्हणाला.

ते आले, बसले. वाढणारीने मासे आणून ठेवले. मार्लिसने कोबीची कोशिंबीर व्हर्नाकडे सरकवली. व्हर्नाने वाढून घेतली.

"पोरगी कशी आहे?" मार्लिसने विचारलं.

"दुसऱ्यांदा दिवस गेलेत."

"मला कुणी सांगितलं नाही," मार्लिस म्हणाली.

रोलीने माशावर लिंबू पिळलं. मग लेनीकडे वळून विचारलं, "तळ्यावर बर्फ किती झालाय?"

"नऊ इंच. पूर्वेच्या काठाला कमी."

"तिथं झरा आहे," रोली म्हणाला. "तिकडं गाडी घालू नकोस." त्याने मिठाची बरणी उचलली, स्वतः घेतलं, आणि व्हर्नाच्या हाताशी ठेवली.